निकष क्रमांक सात

प्रोटोकॉलच्या अकराव्या पानावर
‘कोणाला घेऊ नये’ अशी यादी असते.
गेल्या चाचणीतून या चाचणीत,
त्याच्या फाइलमधून याच्या फाइलमध्ये
जशीच्या तशी चिकटवत आणलेली.
सातवी ओळ : एचआयव्हीबाधित.
का, ते कुणी लिहीत नाही.
नऊ वर्षं टाइप करताना मीही विचारलं नाही.

मी बेलपाड्याची घरत. चाचणीची समन्वयक, म्हणजे
सह्या घेणारी, नळ्यांवर चिठ्ठ्या डकवणारी,
उणे ऐंशीच्या फ्रीजरची किल्ली सांभाळणारी.
आमच्या खाचरांवर आता खारघरचे सेक्टर आहेत.
बाबांना साडेबारा टक्के मिळायचे होते.
ते गेल्यावर मिळाले.
तेव्हापासून टक्क्यांवर माझा भरवसा बेताचाच.

डॉक्टर शिरीन परकारांचं सगळं आयुष्यच टक्क्यांत.
महाडच्या. डब्यात वालाचं बिरडं, ते थंडच खायच्या.
‘हा लिम्फोमा बाधितांनाच जास्त होतो, घरत,
आणि औषध तपासताना आपण त्यांनाच बाहेर ठेवतो.
छत्र्यांचं दुकान काढायचं
आणि भिजलेल्याला आत घ्यायचं नाही!’
मग त्यांनी वेगळा अभ्यास काढला. सत्तर जणांचा. फक्त त्यांचाच.
समितीने तीनदा परत पाठवला,
तिसऱ्यांदा तर स्टेपल चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणून.

त्यातली शून्य एकोणचाळीस.
नाव मला माहीत आहे, सांगणार नाही.
कामोठ्यात पोळी-भाजी केंद्र, दिवसाला दोनशे चाळीस पोळ्या,
मानेत लिंबाएवढी गाठ,
आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून
मे महिन्यातही गळ्याभोवती स्कार्फ.
तब्येतीसाठी फॉर्मवर आकडे असतात, शून्य ते चार.
तिने तिन्ही खेपेला एकच उत्तर दिलं :
‘आज साठ झाल्या.’
डॉक्टरांनी दोनवर गोल केला
आणि समासात लिहिलं, साठ पोळ्या.
तपासनीस आला तेव्हा त्याने विचारलं, हे एकक कुठलं?

तिसऱ्या सलाइननंतर ती म्हणाली,
तवा तापलाय ते बोटांना कळत नाही.
तळहातावर फोड, आणि ती हसत होती,
कारण दुखलं नव्हतं.
त्या रात्री लॅबचा दिवा साडेबारापर्यंत.
(हे साडेबारा खरे. मी खाली रिक्षेसाठी उभी होते.)
एचआयव्हीची गोळी आणि कॅन्सरचं औषध,
दोघांना शरीराबाहेर जायला यकृताचं एकच दार.
एक दारात अडून बसलं की दुसरं आत साचत राहतं
आणि नसा जाळतं.
आजवरचा उपाय सोपा होता : कॅन्सरचं औषध निम्मं करा.
निम्मं औषध, मग निम्मी आशा,
मग सगळे म्हणणार, बाधितांना गुण येतच नाही.
डॉक्टरांनी कॅन्सरचं औषध तसंच ठेवलं,
एचआयव्हीची गोळी बदलली.
दोन महिन्यांनी नोंद : चौऱ्याण्णव.
तवा कळतो.

सत्तरांपैकी किती राहिले, ते निबंधात आहे.
आकडा बरा आहे, फार बरा नाही.
आकडा वाचून दाखवताना डॉक्टर
मध्येच चष्मा पुसत थांबल्या, मग म्हणाल्या,
‘दशांश तपास.’
शून्य एकोणचाळीसची शेवटची नोंद एकशे दहा.
नंतर फोन लागत नाही.
मी दोनदा कामोठ्याला गेले. पाटी तीच आहे,
पोळ्या लाटणारी दुसरी आहे,
तिला विचारायचं तर नाव घ्यावं लागणार,
म्हणून चार पोळ्या घेऊन परत आले.

नवा प्रोटोकॉल काल छापला.
अकराव्या पानावर सातवी ओळ नाही.
खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्यात.
आता सातव्या जागी आहे :
मूत्रपिंड कमजोर असलेले.
डॉक्टरांनी तिथे पेन्सिलीने बारीक टिंब ठेवलंय
आणि मला विचारलंय,
हे तरी का, घरत?