तळातली पाच नावं

खडकी बाजारात विल्फ्रेड ओहोळांचं सायकलचं दुकान.
पत्र्याच्या कपाटावर खडूनं लिहिलेली
तळातली पाच नावं, तेवढीच.
वरचे कोण, विचारलं तर म्हणतात,
"त्यांचं बरं चाललंय."

आमचा क्लब अठरावा. दिवाळीपासून अठरावा.
नोव्हेंबरात कोच बदलला, मार्चात पुन्हा.
काका म्हणाले, ट्यूब तीच, ठिगळ नवं.
फेब्रुवारीत चार दिवस सतरावे होतो,
त्या चार दिवसांत त्यांनी कुणाकडून
पंक्चरचे पैसे घेतले नाहीत.

ते शहर आम्ही दोघांनी पाहिलेलं नाही.
अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतल्या कुणा साहेबाचा
जुना लोकरी मफलर, त्यावर क्लबचं चिन्ह,
एवढ्यावरून हे सगळं.
मे महिना, पत्रा तापलेला, मफलर गळ्यात.

शेवटचा सामना, रात्री साडेआठ.
मोबाइल हवेच्या पंपाला टेकवलेला.
आम्ही जिंकत होतो, चक्क जिंकत होतो,
पण तिकडे दुसऱ्या मैदानावर
दुसऱ्या कुणी हरायला हवं होतं.
नव्वदाव्या मिनिटापर्यंत ते हरत होते.

काकांनी घमेल्यातल्या पाण्यात फडकं बुडवलं,
कपाट पुसलं.
मी म्हटलं, आता आपले सामने
टीव्हीवर दाखवणारसुद्धा नाहीत.
"खालच्या लीगमध्ये चोवीस असतात ना रे?"
एक स्पोक घेतला, पट्टीसारखा धरला
आणि रेघा आखायला लागले,
पहिल्यांदाच
अगदी वरपासून.