फेरपडताळणी

खंडेराव मार्केटात मी पोचले की तराजू सरळ बसतात.
रायजीभाई पारड्याखालचं चुंबक
काढून खिशात टाकतात. मला दिसतं,
आणि मला दिसलं, हे त्यांनाही दिसतं.
‘काटो बराबर छे, बेन.’
काटा बरोबर असतो तेव्हा कोणी असं म्हणत नाही.

चौदा वर्षं हेच काम. वजनमापे निरीक्षक.
पेटीत मखमलीवर पितळी बाट,
बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचे,
बोटाचं तेलही वजनात धरतात.

माझं वजन एकशे बारा किलो चारशे ग्रॅम.
डॉक्टर परीखबाईंच्या काट्यावर.
आकडा बघायच्या आधी मी सवयीनं वाकून
काट्यावरचा शिक्का बघितला.
मुदत मार्चमध्येच संपलेली.
बाई हसल्या. मी नोटीस देण्याच्या विचारात होते.

सतराव्या वर्षी आई म्हणाली, येईल गं, आपल्याकडे उशिराच येते.
मग गोळ्या. मग गोळ्यांनी आणलेली.
मग पाच महिने काही नाही, मग सलग एकवीस दिवस.
सोनोग्राफीवाल्यानं पडद्यावर दाखवलं,
दोन्हीकडे भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी.
त्या चतुर्थीला मला खिचडी गेली नाही.
हनुवटीवरचे केस रावपुऱ्यातली जिग्नाबेन
दर गुरुवारी दोऱ्यानं काढते, शब्द न बोलता.
मानेवरची काळी घडी सासूबाईंनी
लग्नाच्या पहिल्या महिन्यात डाळीच्या पिठानं घासली होती.
मायेनंच. आग दोन दिवस होत होती.

एक डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, पाळी येईल.
दुसरे म्हणाले, पाळी येऊ द्या, वजन उतरेल.
मधल्या चौदा महिन्यांत मी कमाटीबागेला
पहाटेच्या किती फेऱ्या मारल्या, चौकीदाराला विचारा.
नऊ किलो गेले. अकरा आले.

दांडी मारणं,
आमच्या खात्यात याचा अर्थ मापात पाप,
शाळेत याचा अर्थ गैरहजर.
माझ्या अंगाला दोन्ही अर्थ येतात.

परीखबाईंनी कागदावर पोट काढलं
आणि पेनानं त्याचा मोठा भाग खोडला.
उरलं ते केळ्याएवढं. त्याला स्लीव्ह म्हणतात. बाही.
ब्लाउजच्या बाहीला पाव मीटर जादा कापड घेणारी मी,
मला हसू आलं, मग आलं नाही.
‘हा रोग जात नाही,’ त्या म्हणाल्या, ‘सैल पडतो. बऱ्याच जणींचा.’
जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या.
आणि अठरा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.
मी सदतीसची. हा हिशेब मी तिथेच केला,
तोंडी, आणि निनादला अजून सांगितला नाही.

बाहेर बाकावर पादऱ्याच्या फाल्गुनीबेन.
एक वर्ष झालंय. चाळीस किलो गेले,
केस मुठीमुठीनं गेले,
आणि तेराव्या आठवड्यात, एसटी स्टँडवर, आपली आपण आली.
‘तिथेच रडले,’ म्हणाल्या. ‘कंडक्टरनं पाणी दिलं.’
डब्यात दोन चमचे खिचडी. वीस मिनिटं खाल्ली.
मी त्या चमच्याचं मनात वजन केलं.

सासूबाई म्हणतात, कापाकापी कशाला, रात्रीचं सोड.

लोखंडी बाटाच्या तळाला भोक असतं, त्यात शिसं.
बाट जड भरला तर थोडं शिसं खरवडतात,
हलका भरला तर ओततात,
वर शिक्का, आणि तो परत दुकानात.
बाटाला आजवर कोणी आळशी म्हटलेलं
मी ऐकलं नाही.

संमतीचा कागद पेटीत आहे, पितळी बाटांखाली.
सहीची रेघ कोरी.
हजारो दाखल्यांवर लिहिलंय मी, ‘तपासून बरोबर आढळले’.
इथे काय लिहायचं असतं?

शुक्रवारी जाणार आहे, शिक्के घेऊन.
आधी त्यांचा काटा तपासीन, बरोबर करीन.
मग चपला काढून
त्यावर उभी राहीन.