बक्षीस : एक बोकड

सिमडेग्याच्या उत्तरेला, सालाचं रान संपतं तिथे
भात कापून झालेल्या शेतात आमचं मैदान.
चुन्याची रेघ, दोन खांबांमध्ये मासे धरायची जाळी,
आणि नोंदवहीच्या टेबलाला बांधलेला
तो.
काळा, कपाळावर पांढरा ठिपका.
अंतिम सामन्याआधीच त्याने गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला,
मग आमच्या संघाची यादी.
माझं नाव तळाशी होतं म्हणून वाचलं :
बिबियाना सोरेंग, गोलकीपर.

जिला पळता येत नाही तिला गोलात उभी करतात.
माझ्याबाबतीत ते खरंच होतं.
तांदळाच्या पोत्यांत कोंडा भरून
इग्नास मास्तरांनी माझे पॅड शिवले होते.
शनिवारी ते हॉकी शिकवायचे, रविवारी प्रार्थना चालवायचे
(फादर महिन्यातून एकदाच यायचे, मोटरसायकलवरून)
आणि दोन्हीकडे त्यांचं वाक्य एकच :
"गुडघे वाकवा."

माझी प्रार्थना साधी होती. चेंडू इकडे येऊ नये.
पंधरा वर्षांची होईपर्यंत देवाकडे दुसरं काही मागितलं नाही,
ना वही, ना चप्पल.
एकदा मास्तरांनी ओठ हलताना पाहिले.
म्हणाले, "पलीकडची पोरगीही डोळे मिटते, बाई.
ती म्हणते, आत जाऊ दे.
आता त्याने कोणाचं ऐकायचं?"
आणि बांबूची काठी तासत बसले, उत्तर न देता.
त्यांची ती वाईट खोड होती.

त्या दिवशी एक-एक. शेवटची मिनिटं.
आत जाणारा चेंडू आमच्या दोमितिलाने पायाने अडवला.
शिट्टी. पेनल्टी स्ट्रोक.
समोर आली नदीपलीकडच्या टोल्याची एडलिन टोपनो,
अनवाणी, अंगठ्याला चिंधी, हातात कोणाची तरी उसनी काठी.
तिने डोळे मिटले.
तिचेही ओठ हलले.

आणि मला काही मागताच येईना.
येऊ नको म्हणावं तर समोर ती चिंधी.
ये म्हणावं तर पाठीमागे अख्खं गाव.
मागणं सगळं गळून गेल्यावर जे उरलं
तेवढंच म्हणाले :
ही मी. इथे आहे.
गुडघे आपोआप वाकले. पोत्यातला कोंडा सळसळला.

चेंडू बोटांना चाटून आत गेला.
तो आवाज अजून आहे माझ्याजवळ,
टोपलीत मोहाचं फूल पडावं तसा, मऊ.

संध्याकाळी नदीपलीकडून निरोप आला :
एकट्या गावाने खाल्लेला बोकड पचत नाही, या.
गेलो. पाण्यातून, पॅड डोक्यावर घेऊन.
एडलिनने काळजाचा तुकडा माझ्या पत्रावळीवर ठेवला,
म्हणाली, "तू हललीस ना, तेव्हा वाटलं, गेला हा."
आम्ही बोटं चाटत बसलो.
दोमितिला तेवढी रडली, आणि सगळ्यांत जास्त जेवलीही.

पुढच्या रविवारी फादर आले, आणि दाखला नेमका तो :
मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे.
पहिल्या बाकावरून खुसखुस सुटली.
फादरनी चष्मा काढून पाहिलं.
मास्तर जमिनीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

आता मी राउरकेल्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करते.
कधी सात नंबरची खाट आणि आठ नंबरची,
आणि यंत्र एकच.
बाहेर बाकड्यावर दोन घरं, डोळे मिटून.
मास्तर, तुम्ही गेलात, आणि सांगितलं नाहीत.

मी कोणासाठी काय मागू?
ऑक्सिजनचा काटा बघते. चादर सारखी करते.
म्हाताऱ्याची चप्पल खाटेखाली गेलेली असते,
ती काढायला
गुडघे वाकवते.