नारिंगी वायर

व्हॅन घेतली तेव्हा मिल्ड्रेडची बहीण म्हणाली,
दारात पांढरा हत्ती बांधलात.
रंग खरंच पांढरा होता. खाणंही तसंच.
सत्तावीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवून
हाती आलं ते मी चार चाकांवर ठेवलं:
दोन बिछाने, गॅसची शेगडी,
सीटखाली दोन बॅटऱ्या, छपरावर सोलरची पाटी.
म्हटलं, समुद्राच्या कडेकडेने जाऊ,
कंटाळा येईल तिथे थांबू.

मग भारनियमन आलं.
आधी दोन तास, मग चार,
एका हिवाळ्यात दहा.
डिसेल्सडॉर्पमधल्या आमच्या गल्लीचं वेळापत्रक
फ्रिजच्या दारावर लागलं,
आणि व्हॅन स्वयंपाकघराच्या खिडकीशी
अशी उभी राहिली
जशी गाय गोठ्यात.
तिच्या पोटातून निघालेली नारिंगी वायर
खिडकीतून आत, सिंकवरून, फ्रिजपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात मिल्ड्रेडने किटली लावली.
इन्व्हर्टर असा किंचाळला
की मागच्या कोंबड्या झोपेतून उठून
एकमेकींवर ओरडल्या.
तेव्हापासून घरात एकच कायदा:
उजेड मागा, ऊब मागू नका.
फ्रिज चालेल, दोन दिवे चालतील,
तिचा रेडिओ चालेल.
इस्त्री नाही. हीटर नाही. किटली तर नाहीच.
आम्ही पायांवर घोंगडी घेऊन
थंड उजेडात बसायचो.

भिंतीपलीकडच्या एव्हलिनचा जेविन
सात वर्षांचा, छातीत शिट्टी वाजणारा.
त्याचं वाफेचं यंत्र व्हॅनमध्येच लावायचो.
तो ड्रायव्हरच्या सीटवर, तोंडावर मास्क,
दोन्ही हात स्टिअरिंगवर.
मध्येच मास्क वर करून मीटर वाचायचा:
बारा पूर्णांक सहा, ऊम ऑब्री.
बारा पूर्णांक चार.
मी विचारायचो, कुठवर आलो?
तो म्हणायचा, घाट चढतोय, बोलू नका.
औषध संपेपर्यंत कधी मॉसेल बे यायचं,
कधी नुसताच पेट्रोल पंप.
एका रात्री बारा पूर्णांक एकवर
मी फ्रिज काढला, दिवे काढले,
मिल्ड्रेडने न सांगता रेडिओ काढला.
तेवढ्यावर तो समुद्राला पोचला.

किलोमीटरचा आकडा चार वर्षांत हलला नाही.
टायर मात्र एका जागी बसून चपटले.

या जानेवारीत चाळीस दिवस वीज गेली नाही.
एक्केचाळिसाव्या दिवशी मी वायर गुंडाळली.
खिडकी लावायला गेलो तर
चौकटीत वायरीच्या जाडीची खाच.
मी सुतार. दहा मिनिटांचं काम.
तसंच ठेवून निघालो.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा रात्रीचे दहा.
व्हॅन थांबवली, पाय मोकळे करायला.
मागे खोऱ्यात आमच्या बाजूचे दिवे
पसरलेले होते, आणि बघता बघता
एक चौकोन गेला,
मग त्याच्या शेजारचा.
कुणीतरी तव्यावरून हात फिरवावा तसं.

मिल्ड्रेड म्हणाली, फ्रिजमध्ये स्नूक आहे.
मी हूं म्हटलं.
ती म्हणाली, मासा गेला तर गेला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, दुपारी जेविन खोकत होता का रे?

फोनला रेंज नव्हती.
मीटर म्हणत होता तेरा पूर्णांक दोन.
इतकी भरलेली ती मी कधी पाहिली नव्हती,
आणि कुणीच काही मागत नव्हतं.

उतार दोन्हीकडे सारखाच होता.
मिल्ड्रेडने शेगडी पेटवली, वर किटली ठेवली;
इथे तिला मनाई नव्हती.
पाणी गरम व्हायला लागलं,
आणि उकळी येईपर्यंत
आम्हाला ठरवायचं होतं.