करंट गेल्यावरचा एजंट

दर मंगळवारी साडेआठला, खानापुरात,
हण्णिकेरी मास्तरांच्या शटरच्या टीव्हीपुढे
आम्ही सतरा जण. अठरावा मार्टिन, कौलांवर,
अँटेना धरून.
"आलं काय?"
"मुंग्याच हायत!"
"आता?"
"जरा असोग्याकडं वळव.
आला, एजंट आला! खरं त्याला दोन डोकी दिसायलीत."
"असू दे की मर्दा, एक जादा!"

एजंट एकोणतीस.
डावा डोळा काचेचा, काळोखात उंदीर मोजणारा.
उजव्या दंडात क्रेन.
कानात असला पडदा, की दोन मैलांवरची कुजबूज
ताटात वाढल्यासारखी ऐकू यायची.
आणि बरगडीखाली बॅटरी,
जी त्याच्याशिवाय फक्त आम्हाला ठाऊक होती.
तो हिंदीत बोलायचा, शत्रू इंग्रजीत धमकी द्यायचे,
मास्तर ते कन्नडात सांगायचे
आणि मास्तरांचं शेवंताक्का मराठीत करायची,
जाता जाता मूठभर आपलं घालून.
निघताना बॉम्ब एकच असायचा,
आमच्यापर्यंत पोचेतो तीन.

तेराव्या भागात त्याला धरणाच्या भिंतीवर गाठलं.
मागं सहा बंदुका, खाली पाणी,
छातीतला दिवा लुकलुकायला लागलेला.
त्यानं पाय उचलला

आणि करंट गेला.

काचेतला पांढरा ठिपका बारीक होत विझला.
कोणी उठलं नाही.
"आता?" वरून मार्टिन ओरडला,
त्या बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं.

मग अंधारातून शेवंताक्काच म्हणाली,
मारली उडी त्यानं.
पाणी गार. मलप्रभाच की ती, दुसरी कुठली असणार?
वाहत वाहत असोग्याच्या वळणाला लागला,
तिथं भट्टीवरच्या दावलनं ओढून काढला,
क्रेन भिजलीय म्हणून
कच्च्या कौलांच्या रांगेत वाळत घातला.
मास्तरांना हे पटेना. बॅटरीचं काय?
बराच वेळ कन्नडात वाद झाला.
शेवटी ठरलं, की रात्रीच्या मालगाडीआधी
स्टेशनातल्या सिग्नलचा करंट त्याला द्यायचा, गुपचूप,
आणि गाडी थांबली तर म्हणायचं, म्हैस आडवी आली.

मार्टिन एव्हाना खाली येऊन बसला होता.
त्याच्या बाबांची तीन बोटं
कौलांच्या दाबयंत्रात गेलेली, त्याच पावसाळ्यात.
त्यानं हळूच विचारलं,
"तो हात दुखत असंल काय गं त्याचा?"

सतरा जणांत एक डास तेवढा बोलत होता.

"दुखतो की," शेवंताक्का म्हणाली.
"रात्रीचा दुखतो.
खरं ते टीव्हीत दाखवत नाहीत."

"बंतु! बंतु!" गल्लीभर आरोळी उठली,
पडदा उजळला, तर नुसती नावं वर सरकताहेत.

पुढच्या मंगळवारी एजंट
कुठल्याशा मोठ्या शहरात, कोरड्या कोटात,
साहेबापुढे उभा.
कसा सुटला, एक शब्द नाही.
बरोबरच होतं. असल्या गोष्टी सांगत नसतात.
टीव्ही काळा-पांढरा होता,
तरी त्याच्या बुटाला चिकटलेली तांबडी माती
सतराच्या सतरा जणांनी पाहिली.
मार्टिननंसुद्धा.
त्या दिवशी अँटेना आम्ही काठीला बांधून ठेवली होती.

परवा बेळगावात
माझ्या डाव्या डोळ्यात भिंग बसवलं.
पट्टी काढताना डॉक्टरीण विचारत होती,
काणस्तदा? दिसतंय का?
मी म्हटलं, मुंग्याच हायत.
ती घाबरली, टॉर्च घेऊन वाकली.

घरी आल्यावर मार्टिनला फोन लावला.
म्हटलं, चढ वर.
जरा असोग्याकडं वळव.