ठिपक्याच्या डावीकडे

मी शब्द विकते.
घडवलेले नाहीत, कोशातलेच,
शाळेत पोरांना फुकट वाटतात ते.
एकटा शब्द ठिपक्याच्या डावीकडे उभा राहिला
की त्याला समुद्रकाठच्या प्लॉटचा भाव येतो.
शेजारी दुसरा शब्द खपत नाही,
जोडरेघ आली की गिऱ्हाईक उठून जातं,
अनेकवचनाचे निम्मे.
रेडिओवर कुणी उच्चारला
तर गाडी चालवणाऱ्याला घरी पोचेपर्यंत लक्षात राहावा
आणि एकाच तऱ्हेने लिहिता यावा.
‘मीठ’ मी विकलंय.
‘उद्या’ दोनदा विकला, दोन्ही घेणारे बुडाले.

‘अँकर’ होता एल्डन झ्विकरकडे.
लाहेव्ह नदी समुद्राला मिळते तिथे त्याचं दुकान,
साखळदंड, कड्या, गंज खरवडायचे ब्रश.
पंचाण्णव साली भाच्याने फॉर्म भरून दिला,
बोटीला नाव असतं तसं दुकानालाही असू दे,
एवढ्याच हिशेबाने.
पान अजून तेच. राखाडी, एक तिरका फोटो, फोन नंबर,
आणि तळाशी: सोमवारी बंद.

माझ्याकडे तेव्हा एक टोरांटोची बँक होती,
एक बातम्यांचं चॅनल,
आणि गाडीत लहान मुलांना बांधायचे पट्टे करणारे कुणीतरी.
खरा नांगर तिघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता.

मी आकडा सांगितला.
त्याने हातातला ब्रश थांबवला नाही.
“सहा अक्षरांचे इतके?”
“अक्षरांचे नाहीत,” मी म्हटलं.
“लोक विचार न करता टाइप करतात, त्याचे.”
“ते मला माहीत आहे,” म्हणाला,
आणि फळीखालून खोका ओढला.

छापून ठेवलेली पत्रं. सगळी चुकून आलेली.
गोठवलेल्या खात्याबद्दल कुणाची तक्रार,
बातम्या देणाऱ्या बाईच्या कोटाच्या रंगावरून शिव्या,
एक लग्नाचं आमंत्रण, याला ना वधू माहीत ना वर.
आणि मध्येच विनिपेगहून, रात्री तीनच्या सुमाराचं:
धरून ठेवण्यासारखं काही मिळतं का तुमच्याकडे?
नवरा जाऊन अकरा दिवस झाले.

“मग?”
“मग काय. मला येतं तेवढं लिहिलं.
पाणी जितकं खोल, त्याच्या सातपट दोर सोडा.
आखूड दोराने नांगर धरत नाही, उपटून येतो.
आणि लगेच ओढून बघू नका.”

दोन वर्षांनी तिने नाताळात बिस्किटं पाठवली.
त्या डब्यात आता खिळे असतात.

मूल्यांकनाच्या तक्त्यात याला रकाना नाही.
मी शोधला.

त्याने विकला, हो.
खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं,
आणि वादळात छपरातून समुद्र आत यायला लागला होता.
सही करताना पेन उचलून एवढंच विचारलं,
“ती पत्रं आता कुठे जातील?”
मी म्हटलं, बँकेच्या वकिलांना विचारते.
विचारलं नाही.
पंधरा टक्के माझे होते, ते वेळेवर जमा झाले.

बँकेने अजून काही उभारलेलं नाही तिथे.
कुंपण घालून ठेवलाय शब्द,
दुसऱ्या बँकेच्या हाती लागू नये म्हणून.

परवा एका रात्री, कारण इथे सांगत नाही,
मीही विचार न करता तोच टाइप केला.
पांढरं पान. कितीतरी वेळ नुसतं पांढरं.

मग वहीत जुना नंबर सापडला,
दहा आकडी, अवघड,
बाजारात कुणी त्याची कवडी देणार नाही असा.
वाजला. वाजत राहिला.

“आज सोमवार,” एल्डन म्हणाला. “बंद आहे.”

फोन मात्र त्याने ठेवला नाही.