सावलीपुरती जागा

डंडीत सकाळपासून हार उतरलाय.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात.
मुकुंद म्हणायचा, बघ, फुकटचा सत्कार.
त्याच्या फोटोला मी हार घातलेला नाही,
खिडकीबाहेर आहे तेवढा पुरे.

दोनशे बारा स्लाइड्स स्कॅन करून झाल्या.
ओळीने लावल्या, प्रत्येकीला सहा सेकंद.
आता कॉम्प्युटर विचारतोय, कशात देऊ?
एमपी-फोर, एमकेव्ही, एव्हीआय,
जणू स्थळ आलंय आणि गोत्र जुळवायचंय.

मिरजेच्या इंदुवन्संना टीव्हीत पेनड्राइव्ह खुपसून बघायचंय,
तो टीव्ही नव्या कोडेकला ओळखच देत नाही.
समोरच्या मोरॅगकडे अजून डीव्हीडी,
आणि ब्रिस्टलची नात फोन उभाच धरते,
म्हणते, आजी, लिंक पाठव, फाइल कोण पाठवतं?
एका जेवणाला तीन पथ्यं.

समजावलं मात्र तिनंच:
एमपी-फोर हा नुसता डबा.
कोडेक म्हणजे आत घडी कशी घालायची ते.
हे मला कळलं.
तेवीस किलोत बॅग बसवत चाळीस वर्षं काढलीत मी.

म्हणाली, तो पहिलं चित्र पूर्ण ठेवतो,
पुढे फक्त काय बदललं तेवढंच लिहितो.
तुझी फाइल लहानच होईल आजी,
तुझी माणसं हलतच नाहीत.

खरंय.
जागा लागते ती एक चित्र विरून दुसरं उगवताना.
विमानतळावरची मी आणि बर्फातली मी, यांच्यामध्ये
दीड सेकंद माझा चेहरा विटांचा होतो.

जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले,
करड्यातला करडा ओळखायचाच पगार घेतला.
म्हणून एकशे सदतिसाव्या स्लाइडला थांबले.
ब्रॉटी फेरीची वाळू, मी, लाल कोट, डोळे मिटलेले,
आणि खाली डावीकडे
फोटो काढणाऱ्याची सावली, एक कोपर बाहेर.
अख्ख्या दोनशे बारांत मुकुंद एवढाच आहे.

लहान फाइलमध्ये ती सावली नाही.
वाळू आहे, कोट आहे, मिटलेले डोळेसुद्धा.
सावलीच्या जागी सारवल्यासारखं सपाट.
नात म्हणाली, डोळ्याला जाणवत नाही ते तो काढून टाकतो.
कुणाच्या डोळ्याला,
असं मी विचारलं नाही. तिची परीक्षा होती.

बिटरेट वाढवला. चार, सहा.
दहाला सावलीला कोपर फुटलं,
सोळाला कॅमेऱ्याचा पट्टा.
फाइल झाली अडीच जीबीची, ईमेल तिला दारातही उभी करीना.
कोडेक जुनाच घेतला, एच-२६४,
गावात सगळ्यांना माहीत असलेल्या पोस्टमनसारखा.
मोरॅगला म्हटलं, तू चहालाच ये.
पोस्टात कस्टम्सच्या फॉर्मवर किंमत विचारली,
पेनड्राइव्हची लिहिली. सहा पौंड.

तीन आठवड्यांनी वन्संचा फोन.
चित्र दिसतंय गं, आवाज येत नाही.
आवाज म्हणजे जुन्या प्रोजेक्टरचा खटका,
प्रत्येक स्लाइडला मुद्दाम भरलेला.
ऑडिओच्या खोक्यात मी काहीतरी भलतंच निवडलं असणार.
राहू दे, त्या म्हणाल्या, मीच सांगते सगळ्यांना,
आणि फोन चालूच ठेवून सांगत सुटल्या.
घरात बरीच माणसं जमली असावीत.
डंडीला लंडन म्हणाल्या, मोरॅगला माझी साहेबीण.
मी दुरुस्त केलं नाही, घड्याळ बघत होते.

चौदाव्या मिनिटाला कुणा पोरानं विचारलं,
ही खाली सावली कुणाची?

वन्सं जरा थांबल्या.
कोपर बघ की, म्हणाल्या,
पतंग उडवतानासुद्धा तसंच काढायचा.